आजी वारीला गेली होती, हेही लिही

खटाव तालुक्यातल्या एका गावची आणि सध्या पुण्यात नोकरी करणारी एक वाचक लिहिते:

"ताई, माझी आजी गेल्या कार्तिकात गेली. वय पंच्याण्णव म्हणा, सत्त्याण्णव म्हणा. आधारकार्डावर १ जानेवारी आहे, ती खरी नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आजोबा मुंबईला गिरणीत होते. गावाकडं सासू-सासरे, चार मुलं, दोन म्हशी आणि कोरडवाहू रान आजीनं सांभाळलं. माळकरी होती. सासू गेल्यावर तिनं वारी धरली ती पाय चालेनासे होईपर्यंत सोडली नाही. एकादशी, हरिपाठ, पहाटे काकड्याला देवळात जाणं, कशातच खंड नाही.

आता वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवलंय. त्या दिवशी वाटायला एक छोटी पुस्तिका काढायची असं थोरल्या काकांनी ठरवलं आणि लिहायचं काम माझ्यावर आलं. काकांनी एक मजकूरही पाठवलाय: त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही, असं सगळं. मी ते टाइप करत होते तेव्हा आई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'समदं खरं हाय. पर तू झालीस तवा आत्ती वारीला हुत्या.' आत्ती म्हणजे तिची सासू, माझी आजी. एवढं बोलून ती उठून आत गेली.

एकादशीला तीन दिवस उरले असताना माझा जन्म झाला. पाचवी शेजारच्या काकूंनी पुजली. आजी पौर्णिमेचा काला करून परत आली. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आता आत्याकडून कळलं. आता काकांचा मजकूर पुढं लिहवत नाही आणि आईचं वाक्य लिहायचं धाडस होत नाही. शिवाय आजीच्या आयुष्यातली एकही तारीख मला ठाऊक नाही. आजीवर माझा फार जीव होता. काय लिहू आणि कसं लिहू?"

प्रिय नातीस,

तुझ्या आईनं शेंगा फोडता फोडता जे सांगितलं, ते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे असं मला वाटतं. ते छापायचं की नाही हा निर्णय तुझाही नाही आणि माझाही नाही, त्याकडं मी पुढं येते. पण ते ऐकून तुझा हात थांबला हे बरं झालं. काकांच्या मजकुरात एक वाक्य खोटं आहे आणि ते तुझ्या आजीवर अन्याय करणारं आहे. 'आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही.' मागितलं की! दर आषाढात तिनं स्वतःसाठी पंढरीची वाट मागितली. सासू होती तोवर ती मिळाली नाही, आणि सासू गेल्यावर तिनं विचारणंच बंद केलं असावं.

त्या काळातलं खटाव-माण जरा डोळ्यांपुढं आण. पाऊस बेभरवशाचा, रान माळाचं, म्हणून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईला गिरणीत. तो लालबाग-परळकडं एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राहणार, खानावळीत जेवणार, महिन्याला मनीऑर्डर पाठवणार आणि यात्रेला गावी येणार. मागं बाई. पेरणी, खुरपणी, काढणी, म्हशींची धार, सासऱ्याचं पथ्य, पोरांची शाळा, उसनवारी, सोसायटीचं कर्ज, सगळं तिच्या अंगावर. तरी कागदावर ती कुठंच नाही. सातबाऱ्याला आधी सासऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं. तुझ्या आजीचं नाव बहुधा आजोबा गेल्यावर वारस म्हणून लागलं असेल. तलाठ्याकडून फेरफार काढून बघ, तो तिच्या नावाचा पहिला सरकारी कागद निघायची शक्यता आहे.

अशा बाईला चार दिवस घर सोडायला मान्य असलेली कारणं किती? माहेरचं लग्न, कुणाचं मयत, लेकीचं बाळंतपण आणि देव. पहिल्या तिन्हींत ती कुणाची तरी लेक, बहीण, आई म्हणून जायची आणि तिथंही चुलीपुढंच बसायची. दिंडीत शिरली की मात्र ती फक्त माउली. पाया पडणारा माउली आणि पडून घेणाराही माउली. पायाला फोड येत होते, तंबूत पाणी शिरत होतं, सगळं होतं. पण तिथं ती कुणाच्या सांगण्यावरून गेलेली नव्हती. सासर तिच्या वाट्याला आलं होतं, विठ्ठल तिनं धरला होता. म्हणून तिची भक्ती 'कुटुंबवत्सल आणि धर्मपरायण' असल्या जोडीत कोंबू नकोस. घरासाठी केलेल्या कष्टांच्या यादीत शेवटी 'देवाधर्माचीही आवड होती' असं लिहिलंस, तर तिच्या आयुष्यातली तिची स्वतःची गोष्टच हातातून सुटेल.

गळ्यात तुळशीची माळ घालणं हा शब्द दिलेला असतो. मांस-मासळी सोडायची, एकादशी धरायची, पंढरीची वारी चुकू द्यायची नाही. मग कुठल्या तरी वर्षी प्रत्येक माळकऱ्यापुढं तो प्रसंग उभा राहतोच: घरात अडचण आहे आणि पालखी निघाली आहे. कुणी थांबतं, कुणी जातं. तुझी आजी गेली. दिवस भरत आलेल्या सुनेला मागं ठेवून उंबरा ओलांडताना तिच्या मनात काय चाललं होतं, हे आता विचारायची सोय नाही. ते कल्पनेनं भरू नकोस. 'जड अंतःकरणानं निघाली' असं लिहायचा मोह होईल, तो आवर. ती गेली, एवढंच आपल्याला माहीत आहे.

आणि तुझ्या आईनं त्या दिवसांत जे सोसलं, तेही तितकंच खरं. लोणंदला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत मिसळायचं आणि गोपाळकाला करून परतायचं म्हटलं तरी पंधरा-सोळा दिवस जातात. आषाढात खटावात पेरण्या, कोळपण्या सुरू असतात. म्हशी काही तेवढे दिवस धार द्यायच्या थांबत नाहीत. दर वर्षी आजी निघाली की मागचं सगळं तुझ्या आईच्या गळ्यात पडत होतं, आणि त्या वर्षी पोटात तू होतीस. पाचवीच्या रात्री सटवाईपुढं पाटा मांडताना सासू घरात असावी असं बाळंतिणीला वाटलं, तर तिचं काय चुकलं? देवाच्या कामाला गेल्या होत्या म्हणून तिनं ते मनातही आणू नये, अशी आपल्याकडं अपेक्षा असते. त्या अपेक्षेपायीच ती इतकी वर्षं गप्प राहिली असेल. आताही तिनं 'समदं खरं हाय' आधी म्हटलं आणि मग 'पर'. सासूचं चांगुलपण ती नाकारत नाही. तिला त्या गोष्टीत आपलीही जागा हवी आहे.

मला तुला जे सांगायचंय ते हेच आहे. आजीची वारी दोन बायकांनी केली. एक चालत होती आणि एक घर धरून होती. पुस्तिकेत दोघी आल्या, तर आजीची निष्ठा किती पक्की होती ते आपोआप दिसेल, त्यासाठी विशेषण लागणार नाही. आईला गाळलंस तर तीच निष्ठा एखाद्या आरतीतल्या ओळीसारखी सपाट होईल.

आता आईला विचारायचं कसं. फोनवर विचारू नकोस आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर बसू नकोस. गावी जा, दोन दिवस राहा, तिच्या बरोबरीनं काही काम कर. काका, काकू, वडील कुणी आसपास नसताना बोल. 'तुला राग आला होता का?' हा प्रश्न विचारायचाच नाही. 'न्हाय बाई, कशाला राग' एवढ्यावर विषय संपेल. त्याऐवजी साध्या गोष्टी विचार. कळा सुरू झाल्या तेव्हा घरात कोण होतं? सुईण कोण होती, का दवाखान्यात नेलं, आणि नेलं तर कशातून? थोरल्या पोराला कुणी सांभाळलं? म्हशीची धार कुणी काढली? पाचवीला त्या शेजारच्या काकूंनी काय काय मांडलं? आजी परत आली तेव्हा वेळ कुठली होती, आल्या आल्या तिनं काय केलं? आणखी एक: तुझं नाव कुणी ठेवलं? पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस. बारशापर्यंत आजी घरी आलेली होती, म्हणून विचारते.

ती बोलली तर ऐक, मध्ये आजीची बाजू घेऊ नकोस. ज्या शेजारीण काकूंनी पाचवी पुजली त्या हयात असतील तर त्यांच्याकडंही जा. नसतील तर त्यांच्या घरी जाऊन सांग की त्यांचं नाव आम्ही छापतो आहोत. मग चार ओळी लिही आणि आईला वाचून दाखव. ती 'असू दे' म्हणाली तर ठेव. 'कशाला आता' म्हणाली, तर एकदा थांबून, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. तरीही नको म्हणाली तर काढून टाक, आणि पुन्हा तो विषय तिच्यापुढं काढू नकोस. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हयात माणसाची संमती आधी, याला माझ्या मते अपवाद नाही. नको म्हणाली तरी एक गोष्ट तू करू शकतेसच: 'आजी वारीला गेली की घर, गुरं आणि रान आमची आई बघायची' हे वाक्य लिहायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. त्यालाही काकांनी हरकत घेतली, तर मात्र हटून बस.

आता तारखा. याची तू उगाच धास्ती घेतली आहेस. त्या पिढीतल्या बायकांच्या आयुष्यात तारखा नसतात, पण खुणा भरपूर असतात. तुमच्याच तालुक्यात ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि माणसं हुतात्मा झाली. आजी तेव्हा माहेरी होती की सासरी, हे तिच्या भावंडांपैकी कुणाला ऐकून ठाऊक असेल. त्यापाठोपाठ १९४३ ते ४६ नाना पाटलांचं प्रतिसरकार. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून भूमिगतांना रात्री भाकरी जायची आणि त्या भाकरी कुणीतरी बाई थापत असायची. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ ची जाळपोळ. मग पहिलं मतदान, १९५१-५२ चं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप: 'तेव्हा माझे वडील कितवीत होते?' असं विचारलंस की आत्याला उत्तर लगेच आठवेल. १९७२ चा दुष्काळ तर खटाव-माणच्या माणसाला विचारावाच लागत नाही, तो आपणहून येतो. खडी फोडायला गेलेल्या बायका, मिळालेली सुकडी, परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी, दावणीला नसलेली जनावरं. आजी खडीवर गेली होती का? कुठल्या रस्त्यावर? तो रस्ता आजही तुमच्या गावाला येणारी एसटी वापरत असेल. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा त्यानंतर गावी आले की आधीच आले होते? इतकी वर्षं यात्रेपुरता येणारा नवरा कायमचा घरी आल्यावर तिच्या दिवसात काय बदललं? यावर घरात कधी कुणी बोललं नसेल. आत्याला विचार, मुलग्यांना नको.

या खुणांमध्ये एक-एक गोष्ट अडकवत गेलीस की आयुष्य आपसूक लागत जाईल. लग्नात ती बारा वर्षांची होती की पंधरा, हे नक्की नाही कळलं तर 'वडूजच्या गोळीबारानंतरच्या उन्हाळ्यात लग्न झालं असं सांगायची' असं लिही. ते एखाद्या खोट्या तारखेपेक्षा शंभरपट बरं.

कागद हवेच असतील तर तेही मिळतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. आजीच्या माहेरच्या गावचं बुक मागायचं, सासरच्या नाही. फार आशा मात्र धरू नकोस. बापाचं नाव असतं आणि पुढं मुलीचं नाव न लिहिता नुसतं 'मुलगी' एवढंच असतं, असं पुष्कळदा दिसतं. तसं निघालं तर ती नोंद जशीच्या तशी छाप. नाशिक-त्र्यंबकला कुणी अस्थी घेऊन गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी सापडतात. वंशावळ सांगणारे हेळवी तुमच्याकडं येत असतील तर त्यांनाही विचार, पण त्यांच्या वंशावळीत बहुतेक पुरुषांचीच साखळी मिळेल. आजोबांचे गिरणीचे कागद तर घरातच असतील. तिकीट नंबर, पास, फंडाच्या चिठ्ठ्या, कितीतरी घरांनी म्हाडाच्या घराच्या अर्जासाठी ते ट्रंकेत जपून ठेवलेत. त्याच ट्रंकेत मनीऑर्डरीची कुपनं आहेत का बघ. दोन ओळींत काय लिहिलंय, ते तिला कोण वाचून दाखवायचं, आणि उत्तर कुणाकडून लिहून घ्यायची, हे एक प्रकरण होईल.

आत्याला आणखी एका गोष्टीसाठी गाठ: ओव्या. पिठाची चक्की गावात येईपर्यंत आजी पहाटे जात्यावर बसत असणार. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात विठ्ठल, भाऊ, माहेर, सासुरवास, सगळं आहे. त्या गाणाऱ्या बहुतेक बायकांनी आयुष्यात पाटी-पेन्सिल धरली नव्हती. आत्याला दोन जरी ओव्या आठवल्या तरी त्या पुस्तिकेत घे. आजी जसं म्हणायची तसंच लिही, 'व्हती'चं 'होती' करू नकोस, मात्रा मोजू नकोस. आत्या नुसतं आठवायला बसली तर आठवणार नाही. जातं घरात असेल तर खुंटा धरायला दे, हात फिरायला लागला की शब्द येतात. यशवंतराव चव्हाणांच्या आई विठाबाई निरक्षर होत्या, मुलं लहान असतानाच नवरा गेला. त्या आईनं हालअपेष्टांत म्हटलेली ओवी यशवंतराव पुढं आयुष्यभर सांगत राहिले. माणूस गेल्यावर त्याची वाणीच जास्त टिकते, आणि ती आत्ता आत्याच्या ऐंशीच्या घरातल्या स्मरणात आहे. पुस्तिकेतलं बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे आधी.

साताऱ्यात राहून लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर लिहिणं मला जमत नाही. १९१९ मध्ये त्यांचे पती कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ते मंगळसूत्र माहीत आहे, आणि असलंच पाहिजे. पण त्या बाईला कशाचा आनंद व्हायचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाईनं काय दिलं ते आपण पिढ्यान् पिढ्या जपतो. तिला काय हवं होतं ते विचारायचं मात्र राहून जातं. तुझ्या आजीच्या बाबतीत ते राहू देऊ नकोस. तिला काय हवं होतं ते तर लख्ख दिसतं आहे, दर वर्षी ती त्यासाठी घर सोडून चालत जात होती.

त्यासाठी दिंडीतल्या बायकांकडं जा. हे घरातलं कुणी सुचवणार नाही, कारण घराला वाटतं आजी म्हणजे घरातली आजी. दिंडीप्रमुखाकडं भिशीच्या, म्हणजे दिंडीच्या वर्गणीच्या, वह्या असतात, कुणी किती भरले त्याच्या. त्यात तिचं नाव पहिल्यांदा कुठल्या साली लागलं ते बघ. तिच्या वारीची पहिली तारीख तिथं मिळेल. मग तिच्याबरोबर चाललेल्या दोघी-तिघींना गाठ. त्याही आता सत्तरी-ऐंशीच्या असतील, तेव्हा कार्तिकाची वाट पाहू नकोस. त्यांना विचार: ती रांगेत कुठं चालायची? डोक्यावर तुळस घ्यायची का? नीरेत पादुकांना स्नान घालतात तेव्हा पुढं जायची का लांबून हात जोडायची? चांदोबाच्या लिंबाला घोडे धावतात ते उभं रिंगण बघायला गर्दीत घुसायची, का सावली धरून बसायची? कुठला अभंग लागला की तिचा आवाज चढायचा? फुगडी घालायची का? रात्री तंबूत काय बोलायची? घरचं बोलायची का, की घराचं नावच काढायची नाही? आणि त्या वर्षी, सून बाळंत व्हायची होती त्या वर्षी, ती काही बोलली होती का? हा शेवटचा प्रश्न विचारशील तेव्हा उत्तर काहीही येऊ शकतं. ती रोज चौकशी करत होती असं कळेल, नाहीतर तिनं विषयही काढला नव्हता असं कळेल. जे येईल ते आधी आईला सांग, मगच लिहायचं ठरव.

फुगडी घालणारी आजी तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नसेल. मला वाटतं, तीच या पुस्तिकेत यायला हवी.

शेवटच्या आजारपणाला एक परिच्छेद पुरे. कुठल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, कोण उशाशी होतं, यावर घरं पानंच्या पानं भरतात, कारण तेवढंच ताजं असतं. पंच्याण्णव वर्षांच्या आयुष्यात ते चार महिने आहेत, त्यांना तेवढीच जागा दे. जमिनीचा, वाटणीचा विषय पूर्ण बाहेर ठेव. तो बोलायचा असेल तर दुसऱ्या बैठकीत, या निमित्तानं नाही.

राहिले काका. त्यांच्याशी भांडू नकोस. 'त्यागमूर्ती' लिहिणारा मुलगाही आईवर जीव टाकूनच लिहितो. त्याला जे शब्द सापडले ते त्यानं वापरले, आपल्या सगळ्या निमंत्रणपत्रिकांत तेच शब्द असतात. 'वै.' लावून तिचं नाव, फोटो, आणि काकांच्या सहीनं त्यांचं मनोगत, असं पहिलं पान त्यांना दे. त्या पानावर त्यांना हवी तितकी विशेषणं असू देत. चौकातल्या फलकाचंही त्यांनाच बघू दे. पुढची पानं तुझी. हे आधीच, शांतपणे, वडिलांच्या समोर बोलून घे. फक्त 'स्वतःसाठी काही मागितलं नाही' हे वाक्य त्यांच्या पानातूनही काढायला लाव. तिची भिशीची वही दाखव, ऐकतील. माळकऱ्याच्या मुलाला आईची वारी लपवावी असं वाटणार नाही, फक्त त्या बाजूनं त्यांनी कधी पाहिलं नसेल.

पानं सोळा पुरेत, म्हणजे छापखान्यात एका फर्म्यात बसतात आणि मध्ये पिना मारल्या की झालं. अक्षर मोठं ठेव, वाचणारे निम्मे चष्म्याचे असतील. आजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि आईवडिलांची नावं पहिल्या दोन पानांत आलीच पाहिजेत. लग्नानंतर बदललेलं नाव असेल तर दोन्ही. कीर्तनकार महाराजांना एक प्रत आठवडाभर आधी पोचव, म्हणजे ते कीर्तनात तिच्याबद्दल बोलतील ते तुमच्या घरातलं असेल. वाटून उरलेल्या प्रती कपाटात ठेवू नका. पुढच्या आषाढात पालखी लोणंदला मुक्कामाला आली की तिच्या दिंडीच्या तळावर नेऊन द्या, आणि जमलं तर आईला बरोबर घेऊन जा. म्हशींचं काकांच्या घरच्यांनी बघावं.

तुझी,
ताई